बैल दमायचा तेव्हा

आमच्या वाडीतल्या विहिरीत, काठापासून अकराव्या थराच्या दगडावर, एक आडवी खाच आहे. बोटाचं पेर जाईल एवढी. घरात तिला नुसतं 'खूण' म्हणत. ती कोणी पाडली हे आजीलाही ठाऊक नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा खूण होतीच. पावसाळ्यात खूण पाण्याखाली असायची, दिवाळीतही दिसायची नाही. होळी सरली की एखाद्या सकाळी शिंपणं चालू असताना ती उघडी पडायची, आणि काठावर सुपाऱ्या सोलत बसलेली आजी मान वर न करता म्हणायची, "जू काढ."

मग पोफळीच्या शेवटच्या दोन ओळी कोरड्या राहिल्या तरी बैल सुटायचा. रहाटाची माळ जागच्या जागी थांबायची. भरलेल्या पोहऱ्यांतून पाणी ठिबकत राहायचं आणि त्या ठिबकण्याचा आवाज विहिरीत घुमायचा. राहिलेल्या ओळींची पाळी दुसऱ्या दिवशी, रात्रभरात विहीर सावरल्यावर.

आमचं गाव अष्टागरातलं. वाडीच्या पश्चिमेला सुरूचं बन, बनापलीकडे समुद्र. रात्री गाज ऐकतच डोळा लागायचा. एवढ्या जवळ समुद्र असून विहिरीचं पाणी शहाळ्यासारखं गोड होतं. लहानपणी मला त्याचं नवल वाटायचं नाही. नवल वाटायचं ते खुणेचं. खुणेच्या खालीही चांगलं कमरेएवढं पाणी दिसत असताना बैल का सोडायचा? एकदा मी आजीला विचारलंच.

"खाली पाहुणा निजलाय," ती म्हणाली. "जागा झाला तर लवकर निजत नाही परत."

त्याच उन्हाळ्यात एका ओहोटीला ती मला अलिबागला घेऊन गेली आणि ओल्या वाळूतून चालवत कुलाबा किल्ल्यात नेलं. भरतीच्या वेळी किल्ल्याला चहूबाजूंनी पाणी वेढतं. आत मात्र गोड्या पाण्याची विहीर. तिने ओंजळभर पाणी मला प्यायला दिलं. "हे पाणी कुठून आलं सांग," म्हणाली. मी समुद्राकडे बोट दाखवलं. तिने माझा हात धरून वर, आभाळाकडे वळवला. मालवणच्या सिंधुदुर्गातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींची नावंही मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून त्या दिवशी ऐकली. भर समुद्रातल्या बेटावर या तीन विहिरी गोड्या आहेत.

पाहुणा कोण, हे कळायला मला रसायनशास्त्र शिकावं लागलं. आता मी पाणी तपासण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करतो. आमच्या किनाऱ्यावर चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा धावत समुद्राला मिळतो, थोडा वाळूत मुरतो. वाळूच्या पोटात खालच्या बाजूने समुद्राचं पाणी आधीच शिरलेलं असतं. मुरलेलं गोडं पाणी त्यात चटकन मिसळत नाही, त्याच्यावर तरंगतं. कारण ते हलकं असतं. लिटरभर गोडं पाणी किलोभर भरतं, लिटरभर समुद्राचं पाणी त्याहून पंचवीस ग्रॅम जास्त. या पंचवीस ग्रॅमच्या फरकावर सगळ्या किनारपट्टीच्या विहिरी उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाडोन गायबेन नावाच्या डच अभियंत्याने आणि १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने हा हिशेब स्वतंत्रपणे मांडला: समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट उभं असेल, तर सपाटीच्या खाली ते साधारण चाळीस फूट खोल असतं. म्हणजे वरचं एक फूट कायमचं उपसून टाकलं, तर खालचं खारं पाणी चाळीस फूट वर चढायला मोकळं. हा हिशेब वाळूतला. खाली काळा खडक लागला आणि त्यात समुद्राकडे जाणारी भेग भेटली, तर हिशेबच उरत नाही.

खूण पाडणाऱ्याला चाळीसचा आकडा माहीत नसणार. पण कधीतरी एखाद्या वैशाखात त्याची विहीर मचूळ झाली असेल, पोफळी करपली असेल, आणि किती उतरल्यावर पाणी बिघडतं हे त्याने तोंडाने चाखून दगडावर लिहून ठेवलं असेल. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आजोबा गेले त्या वर्षी बैल विकला. रहाट काढला, मोटर बसली. बाबांनी खूण पाळली, पण मोटरीचं आणि बैलाचं एक नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. बैल दोन-तीन तास गोल फिरायचा, मग त्याच्या तोंडाला फेस यायचा. बैल दमला की विहीर विसावायची. त्याच्या दमण्यात विहिरीची राखण होती. मोटर दमत नाही. खुणेपर्यंतचं पाणी बैल दुपारपर्यंत उपसायचा, ते मोटरीने पाऊण तासात उपसलं.

मग वाटण्या झाल्या. समुद्राकडची निम्मी वाडी बाळकाकाकडे गेली, विहिरीची निम्मी आमच्याकडे राहिली. दोन्ही वाटण्या सारख्या व्हाव्यात म्हणून मधलं जुनं तळं मातीने बुजवलं. तळं म्हणजे काय होतं? पावसाळ्यात शेवाळलेलं, उन्हाळ्यात चिखलाचं, डासांचं. कोणाला त्याची हळहळ वाटली नाही. आजी तेवढी दोन दिवस जेवली नाही. आम्हाला वाटलं, घर फुटल्याचं दुःख असेल.

काकाने आधी दोन खोल्या बांधल्या, मग सहा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या लागू लागल्या. काका कष्टाळू माणूस. पाहुण्यांना घावन-नारळाचं दूध, पोपटी, सगळं स्वतः जातीने बघायचा. पण सहा खोल्यांना पाणी लागतं, पुढे पोहण्याच्या तलावालाही लागलं. त्याने बोअर मारायचं ठरवलं. घाटावरून मशीन आलं. दिवसभर वाडीत धुरळा आणि घरघर. साठ-सत्तर फुटांवर पाणी लागलं. गोड होतं. मशीनवाला म्हणाला, एवढे पैसे घालताय तर दीडशेपर्यंत जाऊ, जन्माची ददात मिटेल. त्याच्याकडे, देशावर, ते खरंच असेल. तिथे पाणी कमी पडलं की माणूस खोल जातो आणि खोल गेल्यावर पाणी भेटतं. आमच्याकडे खोल गेल्यावर समुद्र भेटतो.

संध्याकाळी काकाने पेढे वाटले. आजीच्या हातावर पेढा ठेवून पाया पडला. आजीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बाळ, खूण कुठे केलीस?"

"आई, नळीत कुठे खूण करणार?" तो हसून म्हणाला.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी माघातच काकूची तूरडाळ शिजेनाशी झाली. मग साबणाला फेस येईना, नळांच्या तोट्यांवर पांढरी पुटं चढली. खोल्यांतले गिझर एकामागून एक बिघडले. एका सकाळी पर्यटकांसाठी केलेला पंधरा कप चहा नासला. काकूने दूध बदललं, चहा पुन्हा नासला. तेव्हा तिने पाण्याचा पेला भरून ओठाला लावला आणि तशीच उभी राहिली.

काकाने टँकर सुरू केले. टँकर भरत होता दोन गावं सोडून एका वाडीतल्या विहिरीवर. पिण्यासाठी त्याने गाळणी-यंत्र बसवलं. ते जेवढं गोड पाणी द्यायचं त्याहून जास्त खारं पाणी नळीने बाहेर सोडायचं, आणि ती नळी वाडीतच मोकळी होती. झाडांसाठी बोअर चालूच राहिला. माड टिकले, माडाला थोडं खारं चालतं. पोफळीला चालत नाही. तिच्या झावळ्या आधी टोकाकडून तांबूस झाल्या, मग कडांनी वाळत देठापर्यंत आल्या.

आणि मग, तिसऱ्या वर्षीच्या चैत्रात, आमच्या पोफळीची टोकं तांबूस दिसली.

मी शनिवारी घरी आलो ते सामान घेऊनच. पाण्यात क्लोराईड किती आहे हे बघायची रीत सोपी आहे. पन्नास मिलिलिटर पाणी घ्यायचं, त्यात क्रोमेटचे दोन-चार थेंब टाकले की ते पिवळंधमक होतं. मग वरच्या नळीतून सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. पिवळ्याचं विटकरी झालं की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. आमच्या द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे दर लिटरमागे दहा मिलिग्रॅम क्लोराईड. नोकरीला लागलो त्या वर्षी हौसेने मी आमच्या विहिरीचं पाणी तपासलं होतं: नऊ मिलिलिटरला रंग बदलला होता, म्हणजे नव्वद मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात अडीचशेपर्यंत असावं, दुसरा काही उपायच नसेल तर हजारापर्यंत चालवून घेतात. त्या शनिवारी ओट्यावर मी थेंब सोडत गेलो आणि बाबा शेजारी बसून पाहत होते. नऊ गेले. पंधरा. पंचवीस. पाणी पिवळंच. एकेचाळीसला ते विटकरी झालं.

"म्हणजे किती?"

"चारशे दहा."

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे एकोणीस हजार मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराईड असतं. शंभर घागरी गोड्या पाण्यात दोन घागरी समुद्र मिसळला तरी जीभ ते ओळखते. आमच्या विहिरीत दोन घागरी आल्या नव्हत्या अजून. पावणेदोन असतील.

बाबा उठले ते थेट कुंपणापाशी. दोन भावांत जे बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही. बाबांचं एकच म्हणणं होतं: आम्ही जन्मभर खूण पाळली, मग आमची विहीर का बिघडावी? काकाचं म्हणणं, माझ्या जमिनीत मी काय करतो ते माझं. त्या दिवसापासून बोलणं बंद. कुंपणातली ये-जा करायची वाट काकाने काट्या टाकून बुजवली.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे उदककुंभ देतात. नव्या मातीच्या घड्यात पाणी, त्यात वाळा, वर आंबा, आणि गेलेल्या माणसाचं नाव. आजी दर वर्षी आजोबांच्या नावाने स्वतः घडा भरायची. त्या सकाळी आईने विहिरीचं पाणी आणून दिलं. आजीने घड्यात ओतण्याआधी तळहातावर घेऊन चाखलं. आणि घडा पालथा घातला.

"हे देऊ त्यांना?" ती म्हणाली. "वर्षातून एकदा पाणी मागतात."

बाबा म्हणाले, बाजारातून बाटली आणतो. तिने मान हलवली. मला म्हणाली, "काकाला बोलाव. त्याच्याकडचं पाणी आणायला सांग."

काका आला. काट्या बाजूला करून आला, हातात कळशी होती. आजीने तेही चाखलं. "हे आपलं नाही."

"टँकरचं आहे, आई."

बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी तोंड उघडलं ते मी, आणि अजूनही मला वाटतं, तेव्हा मी बोललो नसतो तर पालथा घडा तसाच राहिला असता.

मी लोणच्याची मोठी काचेची बरणी घेतली. सकाळीच तपासणीसाठी समुद्राचं पाणी आणून ठेवलं होतं; ते निम्म्यापर्यंत भरलं आणि रंग दिसावा म्हणून त्यात आगळाचे चार थेंब टाकले. काकाच्या कळशीतलं गोडं पाणी पळी उलटी धरून तिच्या पाठीवरून हळूहळू सोडलं. लाल खाली राहिलं, स्वच्छ वर चढलं. दोन्हींच्या मध्ये रेघ ओढल्यासारखी कड. परसातल्या पपईचे दोन देठ तोडून, चीक धुऊन, एक आखूड कापला, एक लांब ठेवला. आखूड बाबांच्या हातात दिला, लांब काकाच्या.

"काका, आधी देठाचं टोक वरच्या पाण्यातच ठेव. सावकाश ओढ."

त्याने ओढलं. "गोड आहे."

"आता सहा खोल्या भरल्यात असं समज. तसं ओढ."

काकाने गाल आत घेऊन जोराने ओढलं. बरणीत लाल पाण्याची सपाट कड देठाखाली फुगली, वारुळासारखी टोकदार होत वर चढली आणि देठात शिरली. काकाचं तोंड वाकडं झालं.

"आता दीडशे फूट." मी त्याचा देठ खाली ढकलला. पहिल्याच घोटाला तो थुंकायला अंगणात गेला.

बाबा हे सगळं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते समाधान होतं, हे मला नीट आठवतं. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही घ्या."

त्यांचा देठ आखूड होता, पाण्याच्या अगदी वरच्या अंगाला. त्यांनी हळूच ओढलं, खूण पाळणाऱ्या माणसासारखं. पण बरणीतलं पाणी एव्हाना तळापासून ढवळलं होतं. वरही गुलाबी झाक आली होती. बाबांनी घोट तोंडात तसाच धरून ठेवला. बरणी एकच होती.

"बघितलंस ना बाळ," ते शेवटी म्हणाले, पण आवाजात धार नव्हती.

"त्याला एकट्याला काय म्हणतोस?" आजी म्हणाली. "तळं बुजवायच्या कागदावर तुझी सही नाही?"

मला ते सुचलं नव्हतं. बरणीत वरून पाणी घालणारी पळी म्हणजे आमचं तळं होतं. पावसाचं पाणी दसऱ्यापर्यंत धरून ठेवायचं, मुरवायचं, पाहुण्यावर पांघरूण घालायचं. खालून उपसा काकाने वाढवला होता. वरून भर घालणं आम्ही दोन्ही घरांनी मिळून थांबवलं होतं.

त्या वर्षी उदककुंभ दिला नाही. घडा देवघराच्या कोनाड्यात पालथाच राहिला.

पाऊस यायच्या आत काकाने बोअरची मोटर उचलली आणि नळी बंद करून घेतली. तळं दोन्ही घरांनी पुन्हा खणलं. माती टाकायला जागा नव्हती, म्हणून काकाने ती पोहण्याच्या तलावात टाकली. सहा खोल्यांच्या पत्र्यांचं पाणी पन्हाळी लावून तळ्यात सोडलं. खोल्या तीनच चालू ठेवल्या. काकूने रडून घेतलं, कर्जाचे हप्ते होते. बाबांनी विहिरीतून तिच्या घराला नळ दिला, आणि मोटर आधीपेक्षा लहान बसवली, जी पाणी हळू खेचते. कुंपणातली वाट मोकळी झाली.

पहिल्या पावसाने फार फरक पडला नाही. पुढच्या मे महिन्यात आकडा छत्तीस होता. वाळूत शिरलेलं मीठ घाईने जात नाही. दर पावसाळ्यात थोडं थोडं धुतलं जातं, आणि शेजारच्या वाड्यांत दरम्यान आणखी दोन बोअर झाले होते. काका स्वतः त्या दोन्ही घरी बरणी घेऊन गेला. एकाने ऐकलं.

आजी दुसऱ्या वर्षीच्या थंडीत गेली.

यंदाच्या अक्षय्य तृतीयेला आकडा तेवीसवर आला. काकाला आकड्यावर भरवसा नव्हता. त्याने तळहातावर पाणी घेतलं, चाखलं, पुन्हा घेतलं, पुन्हा चाखलं. मग कोनाड्यातला घडा काढून धुतला, वाळा घातला आणि दोन नावांनी भरला.

संध्याकाळी वाडीत शिंपणं चालू होतं. काका काठावर बसून विहिरीत बघत होता. मी पोफळीच्या शेवटच्या ओळीपाशी पाटाला वाट करून देत होतो. पाणी अजून तीन झाडं मागे होतं. ओलसर दगड एकेक थर वर येत गेला. अकराव्या थरावर काळी खाच उघडी पडली.

"जू काढ," काका म्हणाला.

त्याचा नातू सात वर्षांचा आहे. त्याने बैल पाहिलाय तो रस्त्यावरचा. तो उठला, धावत गेला आणि मोटरीचं बटण बंद केलं.